प्रोसेसची मर्यादा बदलता येते ती कशी? – कर्नलमधल्या एका आकड्याचा धडा



ऑपरेटिंग सिस्टीम शिकताना 'फोर्क' हा सिस्टीम कॉल सगळ्यांनाच पाठ असतो. फोर्क केलं की एका प्रोसेसच्या दोन होतात. मुलाला शून्य मिळतो, पालकाला मुलाचा नंबर मिळतो. परीक्षेतलं दोन मार्कांचं उत्तर इथे संपतं. पण फोर्कचं तिसरंही एक उत्तर आहे, ते म्हणजे उणे एक. याचा अर्थ 'नवीन प्रोसेस मिळणार नाही'. टर्मिनलवर काम करताना 'फोर्क: रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल' असा संदेश कधी दिसला असेल, तर हे तिसरं उत्तर तुम्हाला मिळालेलं आहे.

हा नकार कोण देतं? कुठल्या आकड्यावरून देतं? आणि तो आकडा बदलायचा अधिकार कोणाला आहे? आजच्या धड्यात हे तीन प्रश्न घेऊ. वरवर पाहता काम सोपं वाटतं : कर्नलमध्ये एक आकडा लिहिलेला आहे, त्याच्या जागी व्हेरिएबल टाका, झालं. प्रत्यक्षात लिनक्सला हे करायला जवळजवळ दहा वर्षं लागली. का लागली, हे समजलं की कर्नल कसा बांधलेला असतो ते बरंच समजतं.

(धड्यात फाइलींची आणि कमांडची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.)

१. प्रोसेसला जागा लागते

प्रोसेस म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, ही व्याख्या तुम्हाला माहीत आहे. कर्नलच्या बाजूने बघितलं तर प्रोसेस म्हणजे एक नोंद आहे. प्रोसेसचा नंबर काय, तिचा मालक कोण, ती चालू आहे की झोपली आहे, कोणत्या फाइली उघड्या आहेत, मेमरी कुठे आहे, हे सगळं त्या नोंदीत असतं. शिवाय प्रत्येक प्रोसेससाठी कर्नलला स्वतःचा एक छोटा स्टॅक लागतो. प्रोसेस काहीही काम करत नसली, नुसती झोपलेली असली, तरी ही जागा अडकलेली असते.

म्हणून मर्यादा हवीच. प्रश्न एवढाच, की ती कुठे लिहायची.

जुन्या कर्नलमध्ये सरळ उपाय होता. सी भाषेत ठरावीक लांबीचा ॲरे घ्यायचा. १९७५ च्या यूनिक्स सहाव्या आवृत्तीत प्रोसेस टेबलची लांबी ५० होती. हा आकडा एका हेडर फाइलमध्ये 'एनप्रॉक' या नावाने डिफाइन केलेला होता. नवीन प्रोसेस हवी असेल तर टेबल वरून खाली बघत जायचं, रिकामी जागा मिळाली की घ्यायची, नाही मिळाली तर नकार द्यायचा. आकडा वाढवायचा असेल तर हेडर फाइल बदला, कर्नल पुन्हा कंपाइल करा आणि मशीन पुन्हा सुरू करा.

२. आकडा एकटा नसतो

आता १९९१ मध्ये या. लिनस टोरवाल्ड्सच्या लिनक्स ०.०१ मध्येही तसाच एक ॲरे होता. त्याची लांबी 'एनआर टास्क्स' या नावाने डिफाइन केली होती : ६४.

६४ का? ७० का नाही? इथे नीट लक्ष द्या, कारण आजच्या धड्याचं मर्म इथेच आहे.

३२-बिट इंटेल प्रोसेसरवर एकूण पत्ते ४ जीबी एवढे. सुरुवातीच्या लिनक्समध्ये सगळ्या प्रोसेस याच एका ४ जीबीच्या पट्ट्यात शेजारी शेजारी बसवलेल्या होत्या. प्रत्येकीला ६४ एमबीचा तुकडा. प्रोसेस टेबलमध्ये तुमची जागा पाचवी असेल, तर तुमची मेमरी ५ गुणिले ६४ एमबी या पत्त्यापासून सुरू. आता गुणाकार करा : ६४ × ६४ एमबी = ४०९६ एमबी, म्हणजे बरोबर ४ जीबी.

म्हणजे कोणी फाइल उघडून ६४ च्या जागी १२८ लिहिले असते, तर कंपाइलरने तक्रार केली नसती. कर्नल सुरूही झाला असता. पण पासष्टावी प्रोसेस आली की तिचा पत्ता ४ जीबीच्या पलीकडे जाऊन पुन्हा शून्यावर आला असता, म्हणजे दुसऱ्याच्या जागेत. आकडा एका ओळीत दिसत होता, पण त्याची मुळं मेमरी व्यवस्थापनात होती. पुढे प्रत्येक प्रोसेसला स्वतःचं पेज टेबल आणि स्वतःचा पूर्ण पत्त्यांचा पट्टा मिळाला, तेव्हाच हा आकडा मोकळा झाला.

मोकळा झाला, पण पूर्ण नाही. १९९६ च्या लिनक्स २.० मध्ये तो ५१२ होता. त्यातल्या शेवटच्या ४ जागा फक्त रूटसाठी राखून ठेवलेल्या होत्या आणि एका साध्या वापरकर्त्याला निम्म्याच, म्हणजे २५६ जागा मिळत. हे चार आणि निम्मे लक्षात ठेवा, पुढे त्यांचा उपयोग आहे.

घरच्या कॉम्प्युटरला ५१२ भरपूर होते. पण त्याच काळात लिनक्स वेब सर्व्हर म्हणून वापरात येऊ लागला. त्या वेळचा अपाची सर्व्हर एकाच वेळी जेवढ्या जोडण्या सांभाळायचा, तेवढ्या प्रोसेस त्याला लागत. अशा मशीनवर ५१२ ही भिंत होती. मेमरी शिल्लक आहे, प्रोसेसर रिकामा आहे, तरी नवीन माणसाला पान मिळत नाही! आणि उपाय काय, तर कर्नल कंपाइल करा आणि मशीन बंद करून पुन्हा चालू करा. चालू सेवा बंद पाडणे हाच उपाय असेल, तर तो उपाय कसला?

३. ४०९० ची भिंत

मग आकडा ५१२ ऐवजी दहा हजार का करत नव्हते? कारण याही वेळी आकड्याची मुळं दुसरीकडे होती. या वेळी ती थेट प्रोसेसरमध्ये होती.

इंटेलच्या ३८६ घराण्यात 'ग्लोबल डिस्क्रिप्टर टेबल' नावाचं एक टेबल असतं. त्यात जास्तीत जास्त ८१९२ नोंदी बसतात, कारण नोंदीचा क्रमांक १३ बिटांचा आहे आणि २ चा १३ वा घात ८१९२. लिनक्स २.२ पर्यंत प्रत्येक प्रोसेससाठी या टेबलात दोन नोंदी केल्या जात. एक 'टास्क स्टेट सेगमेंट'ची आणि दुसरी लोकल डिस्क्रिप्टर टेबलची. सुरुवातीच्या १२ नोंदी कर्नलच्या स्वतःच्या कामाला लागत. गणित करा :

(८१९२ – १२) ÷ २ = ४०९०

म्हणजे तुमच्याकडे कितीही रॅम असो, या रचनेत ४०९० च्या वर जाताच येत नव्हतं. २.२ च्या हेडर फाइलमध्ये ५१२ च्या शेजारी 'एक्स८६ वर जास्तीत जास्त सुमारे ४०००' अशा अर्थाची टीप होती, ती यामुळेच.

४. मर्यादा सुटी केली ती अशी

हा गुंता २.३ या विकासाच्या मालिकेत सोडवला गेला आणि जानेवारी २००१ मध्ये आलेल्या २.४ मध्ये तो सगळ्यांना मिळाला. काम तीन पायऱ्यांत समजून घ्या.

पहिली पायरी – हार्डवेअरची गाठ सोडवणे. प्रत्येक प्रोसेससाठी वेगळा टास्क स्टेट सेगमेंट ठेवण्याऐवजी प्रत्येक प्रोसेसरसाठी एकच ठेवला. एका वेळी एका प्रोसेसरवर एकच प्रोसेस चालते ना? मग बाकीच्यांच्या नोंदी टेबलात कशाला? प्रोसेस बदलताना त्या एकाच सेगमेंटमधली आवश्यक माहिती बदलायची. ४०९० ची भिंत इथे पडली.

दुसरी पायरी – ठरावीक ॲरे काढून टाकणे. प्रोसेसच्या नोंदी लिंक्ड लिस्टमध्ये आधीपासूनच गुंफलेल्या होत्या. नंबरावरून प्रोसेस पटकन सापडावी म्हणून हॅश टेबल होतंच. नोंदीसाठी जागा लागेल तेव्हा घ्यायची, प्रोसेस संपली की परत करायची.

तिसरी पायरी – आकड्याचं व्हेरिएबल करणे. आता कुठे ही पायरी आली बघा! 'मॅक्स थ्रेड्स' नावाचं व्हेरिएबल आलं. फोर्क होताना कर्नल एवढंच विचारतो : सध्या चालू असलेल्यांची संख्या या व्हेरिएबलपेक्षा कमी आहे का? नसेल तर नकार. आणि हे व्हेरिएबल चालू मशीनवर बदलता यावं म्हणून एका फाइलच्या रूपात बाहेर दाखवलं : /प्रॉक/सिस/कर्नल/थ्रेड्स-मॅक्स. रूटने या फाइलमध्ये नवा आकडा लिहिला की मर्यादा त्याच क्षणी बदलते. कंपाइल नाही, रीस्टार्ट नाही.

नावात 'थ्रेड्स' का आहे? लिनक्स कर्नलच्या हिशेबात थ्रेडसुद्धा एक टास्कच असतो. एक ब्राउझर उघडलात की या हिशेबात शंभराच्या वर टास्क सहज जमा होतात.

५. सुरुवातीचा आकडा कुठून येतो?

आकडा बदलता येतो हे ठीक, पण कोणी बदललाच नाही तर? बहुतेक लोक कधीच बदलत नाहीत. म्हणून सुरुवातीची किंमत शहाणपणाची हवी. कर्नल ती मशीन सुरू होताना मेमरीवरून काढतो. प्रोसेसच्या कर्नल स्टॅकने सुरुवातीच्या २.४ मध्ये जास्तीत जास्त निम्मी मेमरी खावी असा नियम होता. पुढे तो आठव्या हिश्शावर आणला.

आठव्या हिश्शाचा नियम घेऊन गणित करू. तुमच्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे असं धरा.

- आठवा हिस्सा = १ जीबी
- ६४-बिट इंटेल मशीनवर एका कर्नल स्टॅकला १६ केबी
- १ जीबी ÷ १६ केबी = ६५,५३६

प्रत्यक्षात फाइल उघडून बघाल तर आकडा याहून थोडा कमी दिसेल, कारण काही मेमरी कर्नलने आधीच स्वतःसाठी घेतलेली असते. आता टर्मिनलवर 'यूलिमिट -यू' द्या. ही एका वापरकर्त्याची मर्यादा. ती साधारण वरच्या आकड्याच्या निम्मी दिसेल. जुनं 'निम्मे' आठवलं का? कुठल्याही एका वापरकर्त्याला सगळ्या जागा अडवता येऊ नयेत, हा विचार २.० पासून आजपर्यंत टिकून आहे.

६. नंबरही संपतात

एक भिंत पाडली की मागची दिसते. प्रत्येक टास्कला वेगळा नंबर लागतो. हे नंबर ३२,७६८ च्या आतले होते. मग मॅक्स थ्रेड्स लाखावर नेऊन उपयोग काय?

२.५ या विकासाच्या मालिकेत ही मर्यादाही बदलण्याजोगी केली. /प्रॉक/सिस/कर्नल/पीआयडी_मॅक्स ही ती फाइल. ६४-बिट मशीनवर हा आकडा २ च्या २२ व्या घातापर्यंत, म्हणजे ४१,९४,३०४ पर्यंत नेता येतो. ३२-बिट मशीनवर मात्र ३२,७६८ हीच कमाल.

तेव्हा प्रोसेस मिळत नसेल तर एकच आकडा बघून भागत नाही. वापरकर्त्याची मर्यादा, पूर्ण सिस्टीमची मर्यादा, नंबरांची मर्यादा – या तिन्हींपैकी जी आधी लागेल ती तुम्हाला अडवते. २०१५ च्या ४.३ या आवृत्तीपासून यात चौथी आली. 'सीग्रुप' नावाच्या व्यवस्थेतून प्रोसेसच्या एखाद्या गटालाच मर्यादा लावता येते. कंटेनरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामला असाच लगाम घातला जातो.

७. मग मर्यादा काढूनच का टाकत नाही?

हा प्रश्न वर्गात दरवर्षी येतो, आणि रास्त आहे.

अशी कल्पना करा, लॅबमध्ये एकाच सर्व्हरवर चाळीस विद्यार्थी लॉगिन झालेत. एकाने लूपमध्ये फोर्क लिहिला आणि बाहेर पडण्याची अट चुकली. आता प्रत्येक प्रोसेस आणखी एक प्रोसेस काढतेय. १ च्या २, २ च्या ४. दहा फेऱ्यांत १०२४, पंधरा फेऱ्यांत ३२,७६८. याला फोर्क बॉम्ब म्हणतात. काही क्षणांत बाकीच्या एकोणचाळीस जणांचं काम ठप्प. कोणाचा प्रोग्राम सेव्ह व्हायचा राहिलाय, कोणाची सबमिशनची वेळ संपत आलीय. चूक एकाची, भोगायची सगळ्यांनी.

वापरकर्त्याची मर्यादा ५०० असेल तर? त्या एकाच्या ५०० प्रोसेस होतील, मग त्याचाच फोर्क उणे एक देईल. बाकीचे काम करत राहतील. म्हणजे हा नकार बाकीच्यांचं संरक्षण आहे.

यासाठी प्रत्येक मर्यादेला दोन पातळ्या असतात. सॉफ्ट लिमिट ही प्रत्यक्ष लागू असलेली. ती तुम्ही स्वतः हार्ड लिमिटपर्यंत वर-खाली करू शकता. हार्ड लिमिट साध्या वापरकर्त्याला कमी करता येते, पण एकदा कमी केली की पुन्हा वाढवता येत नाही. तो अधिकार रूटचा.

आता रूटच्या त्या चार राखीव जागा आठवा. मर्यादा गाठली गेली की बेभान झालेली प्रोसेस मारायला काय लागतं? एक नवीन कमांड. आणि नवीन कमांड म्हणजे नवीन प्रोसेस! तीच मिळत नसेल तर मशीन बंद करण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून किल्ली बाहेर ठेवायची व्यवस्था हवी. बॅश शेलमध्ये 'किल', 'एको' आणि 'यूलिमिट' या कमांड शेलच्या आतच बांधलेल्या आहेत, त्यांना फोर्क लागत नाही. 'पीएस' मात्र वेगळा प्रोग्राम आहे, तो अशा वेळी चालणार नाही. रूटचं शेल आधीपासून उघडं असेल, तर एकोने थ्रेड्स-मॅक्समध्ये मोठा आकडा लिहून किंवा किल वापरून मशीन वाचवता येतं. ही गोष्ट वहीत लिहून ठेवा, कधीतरी उपयोगी पडेल.

८. स्वतः करून बघा

एमआयटीचा शिकवण्यासाठी बनवलेला 'एक्सव्ही६' हा छोटा कर्नल यासाठी उत्तम आहे. तो यूनिक्सच्या सहाव्या आवृत्तीवर बेतलेला आहे आणि त्यातही 'एनप्रॉक' आहे : ६४. रिस्क-फाइव्ह आवृत्तीत मशीन सुरू होतानाच प्रत्येक जागेसाठी ४ केबीचा कर्नल स्टॅक बाजूला काढला जातो. एनप्रॉक १०,००० केलंत तर एकही प्रोग्राम न चालवता सुमारे ४० एमबी गेली. ठरावीक टेबलची किंमत ही अशी असते.

प्रयोग असा करा. एनप्रॉक २५६ करा, ती कमाल. त्याखाली एक व्हेरिएबल ठेवा, सुरुवातीला ६४. चालू प्रोसेस मोजणारं दुसरं व्हेरिएबल ठेवा. 'अलॉकप्रॉक' या फंक्शनमध्ये जागा शोधण्याआधी दोन्हींची तुलना करा, 'फ्रीप्रॉक'मध्ये मोजणी एकने कमी करा, आणि मर्यादा बदलायला एक नवा सिस्टीम कॉल जोडा. कोड पन्नास ओळींच्या आत बसेल. पण लिहिताना चार गोष्टींचा निर्णय तुम्हाला घ्यावा लागेल.

- लॉक : दोन प्रोसेसर एकाच क्षणी फोर्क करतायत आणि संख्या ६३ आहे. दोघांनाही '६३ हे ६४ पेक्षा कमी' असं दिसलं तर ६५ होतील. म्हणून तुलना आणि वाढ एकाच लॉकच्या आत हवी.
- मर्यादा कमी केली तर : ४० प्रोसेस चालू असताना कोणी मर्यादा ३० केली. दहा प्रोसेस मारायच्या का? लिनक्स मारत नाही. आहेत त्या चालू देतो, फक्त नवीन देत नाही.
- किमान किती : मर्यादा १ केली तर शेलला मर्यादा पुन्हा वाढवणारी कमांडही चालवता येणार नाही. लिनक्स २० च्या खालचा आकडा स्वीकारत नाही, तो यासाठीच.
- अधिकार कोणाचा : एक्सव्ही६ मध्ये वापरकर्ते नाहीत, रूट नाही. तुमचा सिस्टीम कॉल कोणताही प्रोग्राम वापरू शकेल. मग फोर्क बॉम्बने आधी मर्यादाच वाढवून घेतली तर?

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. आकडा कर्नलमध्ये पक्का असतो तेव्हा निर्णय कर्नल लिहिणाऱ्याचा असतो. तो आपलं मशीन कधी बघतही नाही. आकडा बदलता येऊ लागला की तोच निर्णय मशीन सांभाळणाऱ्याच्या हाती येतो. हा फायदा आहे आणि जबाबदारीही आहे. चाळीस जणांच्या लॅबमध्ये उद्या तुम्ही ॲडमिन असाल, आणि 'फोर्क होत नाही' अशी तक्रार आली, तर आधी विचारा – कोणती मर्यादा लागली, ती का ठेवली होती, आणि वाढवली तर झळ कोणाला बसेल. मग आकडा बदला.

स्वाध्याय

१. तुमच्या मशीनवर थ्रेड्स-मॅक्स, पीआयडी_मॅक्स आणि यूलिमिट -यू या तिन्ही किमती बघा. आधी कोणती मर्यादा लागेल?

२. रॅम ४ जीबी, कर्नल स्टॅक १६ केबी. आठव्या हिश्शाच्या नियमाने मॅक्स थ्रेड्स किती? एका वापरकर्त्याला किती?

३. लिनक्स ०.०१ मध्ये प्रत्येक प्रोसेसला ३२ एमबीचा तुकडा दिला असता, तर जास्तीत जास्त किती प्रोसेस बसल्या असत्या? त्याचा तोटा काय झाला असता?

४. तुमच्या यूलिमिटची सॉफ्ट मर्यादा कमी करून, अपुऱ्या मर्यादेत फोर्क करणारा छोटा प्रोग्राम लिहा. उणे एक आल्यावर त्याने गोंधळ न घालता नीट संदेश देऊन थांबलं पाहिजे. हा प्रयोग स्वतःच्या मशीनवरच करा, लॅबच्या सर्व्हरवर नको!